ज्वारीच्या माहेरची यादवी

खानदेशात भाकर म्हटली की ती ज्वारीची. पावसाळी ज्वारीची असेल, रब्बीच्या दादरची असेल, नाहीतर उडीद घालून दळलेल्या कळण्याची असेल. पण ज्वारी ही आपल्या घरची, आपल्या मातीची, असे आपण धरूनच चाललो आहोत. शास्त्रज्ञांचे म्हणणे मात्र निराळे आहे. ते सांगतात की ज्वारीचे माहेर आफ्रिकेत आहे, आणि तेही सुदान देशाच्या पूर्व भागात. तेथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची जी खापरे सापडली, त्यांच्या मातीत ज्वारीच्या दाण्यांचे ठसे उमटलेले आहेत. फार जुन्या काळी हे धान्य समुद्रापलीकडून आपल्याकडे आले आणि आपल्या काळ्या रानात असे नांदले, की ते कधी परके होते हे आपण विसरूनही गेलो.

आज मला त्या माहेराकडची हकीकत सांगायची आहे. सुदानातून २०११ साली वेगळा निघालेला दक्षिण सुदान हा देश. तेथली माणसेही ज्वारीच खातात. आंबवलेल्या पिठाची, आपल्या मांड्यांची आठवण व्हावी अशी पातळ पोळी करतात. तिला 'किसरा' म्हणतात. बाजारात ज्वारी मोजून घेण्याचे त्यांचे मापही आहे, आपल्या पायलीसारखे. त्याचे नाव 'मालवा', आणि त्यात साडेतीन किलो धान्य बसते. देश भुईने गरीब नाही. मधून पांढरी नाईल नदी वाहते. आमच्या बोदवडसारख्या कोरडवाहू तालुक्याला हेवा वाटावा असा पाऊस त्याच्या दक्षिणेकडच्या भागात पडतो. जमिनीखाली खनिज तेल आहे. असे असूनही २०१७ च्या फेब्रुवारीत या देशाच्या लेर आणि मायेन्दित या दोन परगण्यांत दुष्काळ पडल्याचे अधिकृतपणे जाहीर करावे लागले. पाऊस रुसला म्हणून नव्हे. माणसांनी माणसांवर बंदुका रोखल्या म्हणून.

हे कसं झालं? वर्तमानपत्रांत याचे उत्तर एका ओळीत मिळते : 'डिंका आणि नुएर या दोन जमातींचे वैर.' हे उत्तर अगदी खोटे नाही, पण अपुरे आहे. ते का अपुरे आहे, तेवढेच आज आपण पाहू.

त्याआधी आपल्या नात्याविषयी दोन शब्द. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची घुमट असलेली जी मुख्य इमारत आपण चित्रांत नेहमी पाहतो, तिचे नाव 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजांपासून सुदानचे रक्षण करताना भारतीय सैनिकांनी रक्त सांडले. त्याची कृतज्ञता म्हणून सुदानच्या सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्यातला जो हिस्सा भारताकडे आला त्यातून ही वास्तू उभी राहिली, आणि १९५९ च्या मे महिन्यात सुदानच्या राजदूतांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे पुण्याच्या महाविद्यालयांतून कितीतरी सुदानी विद्यार्थी शिकून गेले. तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

परंतु खडकवासल्याला हा समारंभ झाला, तेव्हा खुद्द सुदानात यादवीची ठिणगी पडून गेलेली होती. सुदान १ जानेवारी १९५६ ला स्वतंत्र झाला. त्याच्या चार-साडेचार महिने आधीच दक्षिणेत तोरित येथे पलटणीने बंड केले होते. उत्तरेकडे अरबी बोलणारे मुसलमान. दक्षिणेकडे नाना भाषा बोलणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या किंवा आपापल्या कुळाचे देव मानणाऱ्या जमाती. इंग्रजांनी कित्येक वर्षे दक्षिणेचे जिल्हे उत्तरेला बंद ठेवले, आणि जाताना मात्र दोन्ही भाग एका दावणीला बांधून दिले. गोरे अधिकारी गेले तेव्हा त्यांच्या सुमारे ८०० जागा रिकाम्या झाल्या. त्यांतल्या दक्षिणेकडच्या माणसांना मिळाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेथून जे युद्ध सुरू झाले ते १९७२ च्या तहाने थांबले. अकरा वर्षे बरी गेली. १९८३ मध्ये अध्यक्ष निमेरी यांनी दक्षिणेची स्वायत्तता मोडली, साऱ्या देशाला शरियतचा कायदा लावला, आणि दुसरे युद्ध पेटले. ते २००५ पर्यंत चालले. त्यात आणि त्यापायी आलेल्या उपासमारीत सुमारे २० लाख माणसे गेली असा अंदाज आहे. २०११ च्या जानेवारीत दक्षिणेत मतदान झाले, तेव्हा शंभरांतल्या जवळजवळ नव्याण्णव मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. ९ जुलै २०११ रोजी जुबा या राजधानीत नवा झेंडा चढला.

येथपर्यंतची गोष्ट आपल्याला समजायला सोपी जाते. परकी सत्ता, लढा, बलिदान, स्वातंत्र्य. अवघड प्रश्न पुढचा आहे. ज्यांनी एकत्र लढून स्वातंत्र्य मिळवले, ते अडीच वर्षांच्या आत एकमेकांच्या जिवावर का उठले?

आता हे डिंका आणि नुएर कोण, ते पाहू. दक्षिण सुदानात लहानमोठ्या साठांहून अधिक जमाती आहेत. त्यांतल्या या दोन सर्वांत मोठ्या. दोघेही गाई-गुरे पाळणारे. दोघांच्या भाषा एकाच कुळातल्या, सख्ख्या चुलत बहिणींसारख्या. पावसाळ्यात उंचवट्यावरच्या गावी राहून ज्वारी पेरायची, आणि पाणी ओसरले की गुरे घेऊन नदीकाठच्या कुरणांत उतरायचे, हा दोघांचाही वर्षाचा क्रम. धुळे जिल्ह्यातल्या आपल्या ठेलारी मेंढपाळांना तो समजावून सांगावा लागणार नाही. मुलगा वयात आला की त्याला एक बैल देतात, आणि त्या बैलाच्या रंगावरून त्या मुलाला नाव पडते. लग्नात मुलीच्या बापाला गाई द्याव्या लागतात. तिथे हुंडा मुलीकडून जात नाही, मुलाकडून येतो.

एकमेकांची गुरे पळवणे हाही जुनाच उद्योग. त्यावरून भाले निघत, माणसे पडत. पण त्याला मर्यादा होत्या. नुएर लोकांत बिबळ्याचे कातडे पांघरणारा एक मध्यस्थ असे. खून झाला की खुनी त्याच्या घरी आसरा घेई. मग दोन्ही घराण्यांत बोलणी होऊन किती गाई द्यायच्या ते ठरे, आणि वैर मिटे. बायका-मुलांना हात लावायचा नाही, असा दंडक होता. डिंकांच्या मुली नुएरांकडे, नुएरांच्या डिंकांकडे दिल्या-घेतल्या जात. म्हणजे भांडण होते, तसे सोयरेपणही होते. आपल्याकडे दोन गावांत शिवेवरून हाणामारी होते आणि पुढच्या वैशाखात त्याच दोन गावांत लग्नेही होतात, तसेच काहीसे.

मग या मर्यादा सुटल्या कशा? त्याचे कारण कुरणात नाही, राजधानीत शोधावे लागते.

स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना १९९१ मध्ये नुएर जमातीचे पुढारी रिएक माचार हे मुख्य नेते जॉन गारांग यांच्यापासून फुटले. त्यांच्या बाजूच्या नुएर टोळ्यांनी बोर या डिंकांच्या भागात शिरून सुमारे दोन हजार लोकांची कत्तल केली. ही जखम खोल होती. पुढे माचार परत आले, समेट झाला, तहानंतर सर्वजण सत्तेत बसले. पण त्या कत्तलीचा न्याय कोणी केला नाही. गारांग २००५ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात वारले. त्यांच्या जागी डिंका जमातीचे साल्वा कीर आले, माचार त्यांचे उपाध्यक्ष झाले.

आणि येथे तेल पुढे येते. नव्या देशाच्या सरकारी उत्पन्नातले शंभरांतले अठ्ठ्याण्णव रुपये एकट्या तेलातून येत. शेतसारा नाही, कारखाने नाहीत, म्हणण्यासारखा दुसरा कर नाही. ज्या राज्याला रयतेकडून पैसा घ्यावा लागत नाही, त्याला रयतेला हिशेबही द्यावा लागत नाही. तेलाचा पैसा गेला कुठे? मुख्यतः बंदूकवाल्यांच्या पगारात. ज्याच्यामागे शे-पाचशे बंदुका, त्याला सैन्यात हुद्दा. जो रुसून रानात गेला त्याला समजूत घालून परत आणायचे, आणि पहिल्यापेक्षा मोठा हुद्दा द्यायचा. असे करता करता पगारपत्रकावरची नावे दोन लाखांच्या वर गेली, आणि जनरल झाले सातशेहून अधिक!

उरलेल्या पैशाचीही गत ऐका. २००८ मध्ये सरकारने दुष्काळाची बेगमी म्हणून ज्वारी खरेदीचे मोठमोठे ठेके दिले. तिकडे ज्वारीला 'दुरा' म्हणतात. ठेकेदारांना पैसे पोचले. ज्वारी बव्हंशी पोचलीच नाही. कोठारे रिती राहिली. २०१२ मध्ये खुद्द अध्यक्ष कीर यांनी ७५ आजी-माजी अधिकाऱ्यांना पत्र लिहून कळवले की सुमारे चार अब्ज डॉलर नाहीसे झाले आहेत, ते कृपा करून परत करावेत. कुंपणानेच शेत खाल्ले, मग तक्रार करायची कुणाकडे?

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तेलाच्या विहिरी दक्षिणेत, पण ते बंदरावर नेणारा नळ उत्तरेच्या सुदानमधून जाणारा. नळाचे भाडे किती, यावरून भांडण झाले, आणि २०१२ च्या जानेवारीत दक्षिण सुदानने रागाने तेल काढणेच बंद केले. सव्वा वर्ष विहिरी बंद राहिल्या. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच कुठे खरी झाली असेल. पगार थकले. देण्यासारखे हुद्दे उरले, पण हुद्द्याबरोबर द्यायचा पैसा उरला नाही. मिळकत आटली की भाऊबंदकी बाहेर पडते. २०१३ च्या जुलैत कीर यांनी माचार यांना काढून टाकले. १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री जुबात अध्यक्षांच्या पहारेकऱ्यांतच गोळीबार सुरू झाला.

पुढचे तीन-चार दिवस भयंकर होते. नुएर पुरुषांच्या कपाळावर पूर्वापार सहा आडव्या रेघा कोरण्याची चाल आहे. त्या रेघा पाहून, नाहीतर चार शब्द बोलायला लावून, जुबाच्या वस्त्यांत माणसे वेचून मारली गेली. हे ठरवून केले गेले, असे आफ्रिकी संघाच्या चौकशी आयोगाने पुढे नमूद केले. सूड म्हणून बोर, मलाकाल, बेन्तिऊ या शहरांत डिंका आणि इतर लोक मारले गेले. जीव वाचवायला लोक संयुक्त राष्ट्रसंघाच्या छावण्यांत शिरले. तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या घरात गेली.

श्रोतेहो, येथे थोडे थांबून विचार करा. तेलाच्या पैशातला एक छदामही साध्या नुएर गुराख्याला मिळाला नव्हता. साध्या डिंका गुराख्यालाही नव्हता. तिजोरीवरून भांडण होते ते जुबातल्या थोड्या माणसांचे. परंतु 'माझ्या तिजोरीसाठी मर' असे म्हटल्याने कोणी मरायला येत नाही. 'आपल्या माणसांवर घाला आलाय' असे म्हटले की येतो. १९९१ ची न मिटलेली जखम त्या हाकेला कामी आली. जमात खरी होती, आठवण खरी होती. ती वापरणाऱ्याचा हेतू मात्र निराळा होता.

आता या यादवीचा हिशेब बाजारात कसा उमटला ते पाहा. सरकारने सैन्य पोसण्यासाठी नोटा छापल्या. तेलाचा भाव जगात उतरला आणि लढाईमुळे काही विहिरीही बंद पडल्या. सरकारी दराने एका डॉलरला तीन पौंड पडत. पण त्या दराचे डॉलर मिळत ते वशिल्याच्या लोकांना, आणि ते तेच डॉलर बाजारात कितीतरी पट भावाने विकत. २०१५ च्या डिसेंबरात हा ठरावीक दर सोडून द्यावा लागला. एका फटक्यात डॉलर साडेअठरा पौंडांवर गेला. २०२४ मध्ये तो हजाराच्याही पलीकडे होता. २०१६ च्या ऑक्टोबरात महागाई वर्षापूर्वीपेक्षा ८०० टक्क्यांहून अधिक वाढलेली होती. म्हणजे आदल्या साली एका नोटेत येणाऱ्या जिनसेला नऊ नोटा! मास्तरचा महिन्याचा पगार, तोही मिळाला तर, चार-दोन मालवे ज्वारीत संपू लागला.

उपासमारीची चाहूल घेणारे लोक तेथे एक साधे गणित मांडतात : एक शेळी विकून किती ज्वारी येते? हे गणित आपल्या आठवडे बाजारातल्या कुठल्याही बाईला कळेल. पेरणीच्या दिवसांत लढाई झाली की शेत पडीक राहते. घरात दाणा नसला की जो तो शेळी विकायला काढतो. सगळ्यांनीच काढली की शेळीचा भाव पडतो. वाटेवर दर दोन कोसांवर बंदूकवाला नाका. प्रत्येक नाक्यावर पैसे मोजीत आलेल्या ज्वारीचा भाव चढतो. शेळी खाली, ज्वारी वर, आणि मधल्या फटीत माणूस सापडतो. लेर भागातली माणसे नाईलच्या दलदलीत शिरली, आणि पाणकमळांचे कंद व मासे खाऊन राहिली. लढाईत, रोगाने आणि उपासाने मिळून २०१३ ते २०१८ या काळात सुमारे ३,८०,००० अधिक माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतली निम्मी गोळीवाचून मेली. सुमारे ४० लाख लोक परागंदा झाले. त्यांतले निम्मे देशाबाहेर गेले.

या वणव्यात आपली माणसेही आहेत. राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारताच्या पलटणी तेथे पहिल्यापासून आहेत. २०१३ च्या एप्रिलमध्ये जोंगलेई भागात तांड्याचे रक्षण करताना पाच भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. त्याच डिसेंबरात आकोबोच्या ठाण्यात आसऱ्याला आलेल्यांना वाचवताना आणखी जवानांनी प्राण दिले. २०१९ ते २०२२ या काळात या सेनेचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर. मलाकालला आपल्या सैन्याचे डॉक्टर आहेत, तसे गुरांचे डॉक्टरही आहेत. गाय वाचली तर घर वाचते हे ओळखून ते डिंका, नुएर, शिलुक असा भेद न करता जनावरे तपासतात. २०१६ च्या जुलैत जुबात पुन्हा लढाई पेटली, तेव्हा तेथे अडकलेल्या दीडशेच्यावर लोकांना भारतीय विमानदलाने परत आणले. त्या देशाच्या तेलविहिरींत आपल्या सरकारी तेल कंपनीचीही भागी आहे. आपले रक्त, आपला पैसा, आणि आपल्या ज्वारीचे मूळ, सारेच तिकडे गुंतलेले आहे.

२०१८ च्या सप्टेंबरात तह झाला. २०२० च्या फेब्रुवारीत कीर आणि माचार पुन्हा एका सरकारात बसले. मधल्या काळात दहा प्रांतांचे अठ्ठावीस, मग बत्तीस तुकडे करून पाहिले होते. ते पुन्हा दहावर आणले. पण राज्याचा पाया तोच राहिला, तेल आणि पगार. २०२३ मध्ये उत्तरेच्या सुदानात नवी यादवी भडकली. लाखो माणसे तेथून दक्षिण सुदानात आली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मोठा तेलनळ फुटला. पुन्हा पगार थकले. डिसेंबर २०२४ मध्ये व्हायची निवडणूक दोन वर्षे पुढे ढकलली. २०२५ च्या मार्चमध्ये माचार यांना नजरकैदेत टाकले, आणि सप्टेंबरात त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला.

मग यातून मार्गच नाही काय? आहे, आणि तो त्याच लोकांनी एकदा दाखवून दिला आहे. १९९९ साली, युद्धाच्या ऐन भरात, वुन्लित नावाच्या गावी डिंका आणि नुएर यांचे मुखिया, म्हातारे आणि बायका शेकड्यांनी जमल्या. ख्रिस्ती धर्मसंस्थांनी पुढाकार घेतला होता; रीत मात्र जमातींची होती. एक पांढरा बैल बळी दिला. मग एकेका बाजूने उठून आपापल्या तक्रारी सर्वांसमक्ष सांगितल्या : कुणाच्या गाई नेल्या, कुणाच्या पोरी नेल्या, कोण मारले. दुसऱ्या बाजूने त्या ऐकून घेतल्या. कुरणे आणि पाणवठे दोघांना खुले करायचे ठरले, पळवलेली माणसे परत करायची ठरली. आणि तो सलोखा त्या भागात बराच काळ टिकला. ज्यांना आपण जन्माचे वैरी म्हणतो, त्यांनी हे केले. राजधानीतल्या सुशिक्षित पुढाऱ्यांना ते जमले नाही. कारण कुरण वाटून घेता येते, पाणी वाटून घेता येते, पण लुटीची वाटणी करायला बसलेल्यांचे समाधान कधी होत नाही.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आपल्याकडे असं होईल का?" मी त्याला म्हटले, बोदवडचाच बाजार बघ. एकाच ओट्यावर लेवा बोली बोलणारा शेतकरी, तडवी, बंजारा, गुजर, मारवाडी, मुसलमान असे सारे एकमेकांचा माल उचलून पाहतात, आणि हिशेब तोंडी ठेवतात. त्यांच्यात तंटे होत नाहीत असे नाही. पण तंटा झाला तर जायला तलाठी आहे, कचेरी आहे, कोर्ट आहे. आणि ते नीट चालत नसले तर विचारता येते. दक्षिण सुदानात लोकांजवळ माणुसकीची वाण नव्हती. विचारायला दार नव्हते.

म्हणून तुम्हाला एवढेच सुचवायचे आहे. बातम्यांत पुन्हा कधी 'अमुक जमात विरुद्ध तमुक जमात' असे ऐकाल, आफ्रिकेतले असो वा आपल्या शेजारचे, तर तेवढ्यावर विश्वासून स्वस्थ बसू नका. त्या देशाची तिजोरी कशाने भरते आणि तिचा हिशेब कोण विचारतो, ते शोधा. आणि त्या महिन्यात तेथे एका शेळीला किती ज्वारी मिळाली, तेही पाहा. भांडण कोणाचे आणि उपास कोणाला, हे त्यावरून कळेल.